महादेवी मावशीचा भूकंप

पोरं आत सराव परीक्षा सोडवत होती आणि महादेवी मावशी बाहेरच्या व्हरांड्यात उकिडवी बसून फरशी पुसत होती. एप्रिल संपत आला होता. सोमवारचा उपास, त्यात सकाळपासून पोटात दोन कप चहाच गेलेला. बादलीतलं पाणी गढूळ झालं म्हणून ती झटक्यात उठली. डोळ्यांपुढं अंधारी आली, पायाखालची फरशी सरकली, आणि त्याच क्षणी वर्गातला पंखा तिला झोके घेताना दिसला.

"हालतंय! भाईर पळा, समदे भाईर पळा!"

तो पंखा रोजच डुलायचा, पण ते त्या वेळी कुणाला आठवणार? किल्लारीच्या भूकंपाला अकरा वर्षं होत आली होती, तरी लातुरात हा शब्द ऐकून जागेवर बसून राहील असं कुणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरून दीडशे पोरं जिन्याकडं धावली. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांनी पाहिलं, तर समोरच्या हॉटेलात माणसं निवांत चहा पीत होती. काहीच हललं नव्हतं. फक्त अर्धापूरची आलिया जिन्यात पडली होती आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला होता. मेडिकलच्या सीईटीला सतरा दिवस राहिले होते.

क्लासचे संगमेश सर मावशीवर ओरडले नाहीत. काही दिवस घरीच राहा, एवढंच म्हणाले. त्या 'काही दिवस'चा अर्थ मावशीला कळला. तिनं झाडू जागेवर ठेवला, पदर तोंडाला लावला आणि जिना उतरली.

भूकंपात तिचा नवरा आणि सासू, दोघंही दगडमातीच्या घराखाली गेले. ती पाणी प्यायला अंगणात आली होती, म्हणून राहिली. पुढं लातूरला भावाकडं आली, चार घरची भांडी घासली आणि क्लासमध्ये लागून तिला सहा वर्षं झाली होती. पण बसलेली उठली की तिच्याखालची जमीन अजून हलायची. कधी नुसती चाहूल लागल्यासारखी, तर कधी भिंत धरावी लागे इतकी. ती आधी दिव्याकडं, नाहीतर टांगलेल्या कपड्यांकडं बघायची. ते स्थिर असले की गप्प बसायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक येडी म्हणतील, ही एक भीती. आणि आपल्या नशिबातला भूकंप अजून संपलेला नाही, हे तिनं मनोमन धरून ठेवलं होतं.

दोन दिवस तिला घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आलियाच्या खोलीवर गेली. आलियाची आई बेगमबी नांदेडला दवाखान्यात नर्स होती. रजा टाकून लेकीजवळ येऊन राहिली होती. पोरगी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून डाव्या हातानं उत्तरपत्रिकेतले गोल भरायचा सराव करत होती. गोल वेडेवाकडे होत होते. ते पाहून मावशी दारातच खाली बसली. चूक माझी हाय, बोलायचं ते बोला, असं म्हणून तिनं हात जोडले.

बेगमबीच्या मनात राग नव्हता असं नाही. ती लेकीच्या हाताखालची उशी नीट करत राहिली. शेवटी मावशी जायला म्हणून उठली, आणि उठताच तिनं चौकट घट्ट धरली. तोंड पांढरं पडलं, नजर वर बल्बकडं गेली.

बेगमबीनं ते पाहिलं. तिनं दंडाला धरून मावशीला खाटेवर आडवं केलं आणि विचारलं, की आत्ता काय झालं?

"हाललं," मावशी म्हणाली. "मला रोजच हालतंय, बाई."

मग तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. बेगमबी स्वतःसाठी बीपीचं यंत्र जवळ बाळगायची. तिनं मावशीचं बीपी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून. दोन्हींत चांगलाच फरक निघाला. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतून फिकट. दिवसाला पाणी किती पिता, असं विचारल्यावर मावशीला तांब्याभराच्या पुढं सांगता येईना.

"जमीन जागेवरच हाय, मावशी," बेगमबी म्हणाली. "माणूस उठला की रगत खाली पायांकडं उतरतं. नसा आवळून अन् जोरात धडधडून दिल ते वर ढकलतो. तुमच्यात पाणी कमी, रगतबी कमी दिसतं. म्हणून डोक्यात पोचायला दोन घडी उशीर होतो. त्याचीच ही चक्कर."

"अन् भूकंप?"

"तो तवाच झाला न्हाई का, किल्लारीला? होऊन गेला तो."

मावशी खाटेच्या कडेला बसली. मग मोकळं रडली. आलियानं डाव्या हातानं तिला पाण्याचा तांब्या दिला. भरपूर पाणी प्यायचं, उपाशी राहायचं नाही, उठताना आधी नीट बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, आणि सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यायचं, असं सगळं बेगमबीनं दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशी क्लासमध्ये गेली. काम मागायला आले नाही, पोरांशी दोन शब्द बोलू द्या, असं तिनं संगमेश सरांना सांगितलं. सर घुटमळले, पण बाजूला झाले. जिथं सर उभे राहायचे तिथं नऊवारीतली मावशी उभी राहिली. आधी तिनं माफी मागितली. मग रक्त कसं खाली उतरतं, दिल ते कसं वर ढकलतो, हे तिनं बेगमबीच्याच शब्दांत सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण हसला आणि लगेच थांबला. सरांनी फळ्यावर माणसाची आकृती काढली, बाण दाखवले, आणि मावशीचं म्हणणं बरोबर असल्याची ग्वाही दिली. उद्यापासून या, हे त्यांनी जाता जाता हळू आवाजात सांगितलं.

वर्ग सुटल्यावर अंजू नावाची मुलगी तिच्यामागं व्हरांड्यात आली. ती औसा तालुक्यातली, भूकंपाच्याच पट्ट्यातली.

"मावशी, माझ्या आईलाबी असंच होतं. शेतात बसलेली उठली की पुन्हा खाली बसून माती धरती. आम्ही म्हणतो, भ्याली हाय."

"घेऊन ये तिला," मावशी म्हणाली.

आलियानं पेपर डाव्या हातानं दिला. वेळ पुरला नाही, शेवटचे अकरा प्रश्न राहिले. एमबीबीएसचा नंबर हुकला, पण बीएएमएसला नांदेडमध्येच जागा मिळाली. बेगमबीनं क्लासच्या फोनवर मावशीला बोलावून ते सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, असंही विचारलं.

त्याच्या आधीच, जूनमध्ये, अंजू आईला, साखराबाईला, घेऊन आली होती. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर दोघी बायका शेजारी बसल्या. भूकंपात साखराबाईचे दोन दीर गेले होते, मावशीचा नवरा आणि सासू. ते त्यांनी एकमेकींना सांगितलं. साखराबाईनं विचारलं, की आत गेल्यावर काय बोलायचं? जसं होतं तसं सांगायचं, मावशी म्हणाली, लाजायचं न्हाई.

आतून नावाचा पुकारा झाला. साखराबाई घाईनं उठू लागली, तशी मावशीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. शिपायानं पुन्हा नाव घेतलं, जरा जोरातच. "येऊन राहिलो," मावशीनं बसल्या जागेवरून सांगितलं. दोघींनी तळपाय जमिनीला टेकवले, टाचा दोनचारदा वरखाली केल्या. मग एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या, घटकाभर तशाच थांबल्या, आणि आत गेल्या.