घरून लावलेली बटणं

आईच्या पांढऱ्या कोटाची बटणं रोज सकाळी तिची लेक बडबडीच लावायची, तीही दार लोटून. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर पिपेट नावाच्या नळीचा खटका दाबून थेंब उचलायचे, थेंब सोडायचे. आईच्या उजव्या अंगठ्याने शेवटी संपच पुकारला होता. पण हे बाहेर कळलं तर? ‘अंगठा दुखतो’ म्हणणारी बाई कामचुकार, असा तिथला शिरस्ता!

खिडकीशी मावशी बसलेली असे. आईच्या आधी प्रयोगशाळेतली खुर्ची तिची होती. काम सुटलं, पण अंगठ्याला कुणी सांगितलंच नाही. मांडीवर पडलेला तो आपोआप खाली जायचा, वर यायचा. हातात काहीही नसताना. बडबडी तिकडे बघायचंच टाळायची.

बडबडीकडून केस विंचरून घेता घेता आई म्हणाली, "साहेब म्हणाले, तुझी परीक्षा झाली की माझी खुर्ची तुला. घरातली जागा घरातच राहील."

"आणि माझं कॉलेज?"

"नोकरी आपणहून दारात आलीय आणि तू नखरे कर!"

"आई, शाळेत तरफ शिकवलीय आम्हाला. टोकाने जरासं दाबलं, तरी अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पट जोर बसतो. तुझा सांधा झिजलाय गं. तू कामचुकार नाहीस!"

"बरं शास्त्रज्ञ बाई, बटणं लाव. उशीर होतोय."

बडबडीने बटण धरलं आणि ती थिजली. तिचाच अंगठा, मावशीच्या तालावर, खाली-वर होत होता.

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला. "नाही लावणार. बघू देत सगळ्यांना."

आई चिडली, रडली, दातांनीही बटण ओढून पाहिलं. शेवटी कोट तसाच उघडा ठेवून निघाली. दप्तर घेऊन बडबडी सोबत.

प्रयोगशाळेच्या दारात बाकीच्या बाया येत होत्या. कोट खरं तर आत गेल्यावर घालायचा. पण एकूण एक बाई रस्त्यातूनच घालून आली होती, गळ्यापर्यंत बटणं लावून. किती घरांची दारं लोटली गेली असतील सकाळी?

"काय हा अवतार?" साहेब आईवर खेकसले.

"तिला बटण लावता येत नाही, साहेब," बडबडी म्हणाली. "तुमच्या खटक्याने अंगठा गेलाय तिचा. आणि ती खुर्ची मला नकोय."

मग केस पिकलेली एक बाई पुढे आली आणि हनुवटी वर करून बडबडीसमोर उभी राहिली.

"माझी बटणं सोड गं बाळा," ती हळूच म्हणाली. "मला सोडता येत नाहीत."

बडबडीने दप्तर खाली ठेवलं. त्या बाईमागे बाकीच्या बायांची रांग लागत होती.