नळातली हाडं

पाईप कापला आणि आतून मांडीच्या हाडासारखी पांढरी नळी निघाली. कारखान्याचं पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरखाली जमलेले कामगार दोन पावलं मागे सरले. भूत काढायला बोलावलेल्या बाबाने त्या नळीवर बाटलीतलं 'तीर्थ' ओतलं. हाड चुरचुरलं, फसफसलं.

"रडतेय बघा पोर!" बाबा किंचाळला. "मशीन फुटून मेली म्हणता? आईनंच खाल्ली तिला. डाकीण आहे म्हातारी!"

पोर म्हणजे पाईप कापणाऱ्या फिटरची बायको, इथंच कामाला होती. म्हातारी त्याची सासू. लेक गेल्यावर जावयाचं घर तीच सांभाळत होती. पहिली काठी तिच्या खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. दात जमिनीवर पडला.

बाबाने फिटरच्या हाती लोखंडी गज दिला. "तू मारलंस तरच बायकोचा आत्मा या नळातून सुटेल."

फिटरने गज उचलला. बायकोसाठी त्याने काहीही केलं असतं.

सासू रक्त थुंकली. "जावईबापू, त्यानं ती सुटत असेल तर मारा."

गज वरच राहिला.

तेवढ्यात कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई गर्दीत घुसल्या. कुणीतरी त्यांच्याही कानाखाली वाजवली. तरी त्यांनी बाटली हिसकावली आणि कॅन्टीनच्या किटलीत, तळाला धरलेल्या पांढऱ्या खपलीवर ओतली. किटलीही फसफसली.

"हिच्यात कुणाची बायको अडकलीय?"

"बाबा, चहा जपून प्या!" मागून कुणी ओरडलं.

"हे संडास धुवायचं ॲसिड आहे. आणि ते हाड नाही, क्षार आहेत. टॉवरला आता शहराचं सांडपाणी शुद्ध करून येतं. त्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. म्हणून दाट झालेलं पाणी सोडून द्यावं लागतं. साहेबांनी पाणी बदललं, सोडायचं माप जुनंच ठेवलं. नळ्या बुजल्या, मशीन तापलं, झाकण उडालं. अशी गेली ती."

"मग ती गेल्यावर हे नळातलं पांढरं दुपटीनं कसं वाढलं?" फिटरने विचारलं.

"'आत्मा पाण्यात वाहून जाईल' म्हणून पाणी सोडायचा व्हॉल्व्ह कुणी बंद करायला लावला?"

फिटर वळला. गज बाबाच्या गुडघ्यावर बसला. कडकन आवाज आला. गज पुन्हा वर गेला, तेव्हा सासूने त्याचं मनगट धरलं.

"पुरे. मला दवाखान्यात न्या."

त्याने तिला पाठीवर घेतलं. वाट देणाऱ्यांच्या हातांत काठ्या तशाच होत्या.

"माझी बायको पाणी सोडायचं माप न बदलल्यामुळे मेली," तो म्हणाला. "सासूबाईंना भुतानं नाही, आपण झोडपलं. मीसुद्धा गज उचलला होता. पुढच्या वेळी कुणी डाकीण दाखवली, तर आधी पुरावा मागा. काठी नंतरही उचलू नका."