साहेबांसाठी पुसलेली धूळ

शिंपीकाकांच्या घरात कशावरही बोट फिरवा, बोट पांढरं व्हायचं. मागच्या भिंतीला लागून दगड दळून भुकटी करणारा कारखाना उभा राहिला आणि घराची रयाच गेली. शिवणयंत्रावर धूळ, उशीवर धूळ. झाकण ठेवायचं राहिलं तर पाण्यावरही साय धरावी तशी धूळ. काळे कोट शिवून मागणारी गिऱ्हाइकं काकांनी कधीच सोडून दिली होती. काकू दिवसभर फडकं घेऊन फिरत आणि खोकत.

काकांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे निरोप आला: मंगळवारी साहेब पाहणीला येणार!

"अगं, ऐकलंस का? साहेब घरी येणार! घर कसं लख्ख दिसलं पाहिजे."

"अहो, पण ते धूळच बघायला येताहेत ना?" काकू म्हणाल्या.

"म्हणून काय उकिरड्यात बसवायचं त्यांना? चारचौघांत आपली शोभा!"

स्टुलावर चढून, खोकत खोकत काकूंनी झरोक्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळं पुसून काढलं. पलीकडे कारखान्यानेही त्या दिवशी चक्क्या बंद ठेवल्या आणि रस्त्यावर पाणी मारलं.

साहेबांनी आल्या आल्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि हसले. "काका, आमच्या ऑफिसपेक्षा स्वच्छ आहे हो तुमचं घर! कुणाला काही त्रास?"

काकू बोलणार, तोच काका घाईने म्हणाले, "छे छे, वयोमानाचा खोकला आहे हिला. साहेब, चहा घ्या ना!"

साहेबांनी चहा घेतला आणि शेरा मारला: तक्रारीत तथ्य नाही.

त्यांची गाडी वळते न वळते तोच चक्क्या घरघरू लागल्या. काका कपाळावर हात मारून बसले. शेजारच्या नर्सबाई तावातावानेच आत आल्या.

"भाऊ, धूळ तुम्ही पुसलीत, पण वहिनींच्या छातीतली कशी पुसाल? दवाखान्यात पेशंट ताप लपवायला लागला, तर आम्ही औषध कशाचं द्यायचं?"

"घराची अब्रू होती हो..."

"धूळ त्यांची आणि लाज आपल्याला! हा कुठला न्याय? आणि तुम्हालाच कशाला बोलू? साहेब चुकून माझ्याकडे वळले तर, म्हणून मीही पहाटे उठून घर पुसलंच की!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंना दम लागला होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी काळ्या कापडाचा तागा उलगडला आणि रुमालाएवढे तुकडे कापले. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला एकेक बांधला. "कुणी झटकायचा नाही, धुवायचा नाही!" अशी दारोदार ताकीद दिली. धुळीने ते तुकडे पापडासारखे कडक झाले, तेव्हा सगळी गल्ली ते घेऊन साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली.

साहेबांनी एक तुकडा उचलला. भुकटी त्यांच्या बाहीवर सांडली.

"अहो, मग त्या दिवशी का नाही दाखवलंत?"

"चुकलंच, साहेब," काका म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला पाहुणे समजलो."

"मीही पाहुण्यासारखाच आलो, काका. आगाऊ सांगून," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

पुढच्या वेळी ते न सांगता आले, तेही चक्क्या चालू असताना. त्यांच्या हुकमाने चक्क्या चारी बाजूंनी बंदिस्त झाल्या. गल्लीने सुटकेचा श्वास घेतला. काकूंना मात्र तो घेता आला नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही भुकटी फुप्फुसात रुतून बसते. ती आता निघायची नाही. वेळीच थांबली असती, तर..."

हल्ली काकू खिडकीशी बसून असतात. सवयीने कठड्यावर बोट फिरवतात.

"अहो, बघा, आज पुसावं लागलं नाही."

काका मान हलवतात. त्यांना ते मंगळवारचं स्टूल आठवतं, आणि काकूंचा ऐकूनही न ऐकलेला तो एक प्रश्न: 'पण ते धूळच बघायला येताहेत ना?'

वाचकहो, पाहुणा येणार म्हणून घर जरूर आवरा. पण दाद मागायला निघालात, तर आपली जखम आपणच झाकू नका. अन्याय सोसणाऱ्याची अब्रू जात नसते. जाते ती अन्याय करणाऱ्याची. आणि घरातलं माणूस खोकत असेल, तर 'काही नाही, वयोमान आहे' असं त्याच्या वतीने कुणाला सांगू नका. आधी त्याला बोलू द्या!