लाल गाडीचा मुराळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आमच्या सगळ्या देवपूर वस्तीने हसून घेतलंय. धुळ्याच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं बसखाली पाठ घासलेला माणूस रिटायर झाल्यावर काय करतो? पारावर बसतो, गोळ्या खातो, सुनेच्या तक्रारी सांगतो. मी, मोतीलाल, घराच्या ओट्यापुढे पत्र्याची शेड मारली आणि तिच्यात स्पोर्ट कार उभी केली.

दोन दारं, दोनच सीट, वरचं छप्पर उघडायचं. पंचवीस वर्षांपूर्वी गोव्याकडे बनलेली गाडी. जळगावच्या एका डॉक्टरांनी हौसेने घेतली होती, पोरं परदेशी गेली आणि ती मळ्यातल्या गोठ्यात जाऊन पडली. मी पाहिली तेव्हा सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. टेम्पोत घालून मी ती घरी आणली, तर माझी बायको भिकुबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"कोंबडी बी लई उनात का संगे?" कोंबडीही सोबत आणलीत का, असं तिने आमच्या अहिराणीत विचारलं.

अशी होती भिकू. आयुष्यभर माझा एक शब्द खाली पडू दिला नाही.

आता आखाजीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशीण माहेरी जाते, झोके खेळते, गाणी म्हणते. पण ती आपली आपण जात नाही. माहेरचं माणूस तिला घ्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. भिकूचं माहेर शिंदखेड्याचं. तिचा भाऊ लोटन दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दारात हजर. भिकू साठीला आली, दात पडायला लागले, तरी मुराळी येणार म्हणून सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसायची. मी चिडवायचो, "माहेरी पाळण्यात घालणार आहेत का तुला?" ती पिशवीची गाठ घट्ट करायची.

कोरोनात लोटन गेला. तो गेल्यानंतरच्या आखाजीला भिकूने पिशवी काढली नाही. पण संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिली. कोणी एस.टी.तून उतरून गल्लीत वळलं की मान वर करून बघायची. मला ते बघवेना. शेडमधून हात पुसत आलो आणि म्हणालो, "भिकू, पुढच्या आखाजीला मी तुझा मुराळी. ह्या गाडीतून नेतो शिंदखेड्याला, छप्पर उघडून. गल्ली बघत राहील."

"नवरा कधी मुराळी राहस का?" ती म्हणाली. पण हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली.

झालं. मी कामाला लागलो. एकदा बोललो म्हणजे बोललो. पण माझी एक खोड आहे, वर्कशॉपने लावलेली. आमचे जुने फोरमन म्हणायचे, अर्धवट गाडी गेटाबाहेर जाणार नाही. कोण ओरडतंय, कोण वाट बघतंय, ते तुम्ही बघायचं नाही. गाडी पूर्ण, मगच सही. पस्तीस वर्षं मी तसाच वागलो आणि त्याचा मला माज होता, खरं तेच सांगतो.

पहिली आखाजी इंजिनात गेली. जुना कार्बोरेटर काढून पेट्रोल फवारणारं नव्या पद्धतीचं इंजेक्शन बसवलं, त्याच्या वायरिंगने सहा महिने खाल्ले. दुसऱ्या आखाजीला इंजिन मांजरीसारखं घुरघुरत होतं, पण मागचे ब्रेक माझ्या मनासारखे नव्हते. जुने ड्रम काढून मला डिस्क लावायचे होते. सणाच्या आदल्या दिवशी मी त्यासाठी जळगावला भंगारवाल्यांच्या दारोदार फिरत होतो. रात्री घरी आलो तर भिकूने ताट वाढलं. मीच म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." ती म्हणाली, "बरं."

सीटा इसाकभाईने शिवल्या. एस.टी.च्या सीटा शिवायचा तेव्हापासूनचा माझा दोस्त. भिकूच्या पाठीत दुखतं म्हणून तिच्या बाजूला त्याने दोन बोटं जास्त फोम घातला. त्या सीटला तो 'भाभीची सीट' म्हणायचा. सीट बसवली त्या दिवशी म्हणाला, "नाना, गाडी चलती है, भाभी बैठती है, अब क्या बाकी है? घेऊन जा ना यार."

"रंग बाकी आहे," मी म्हणालो. गाडी तेव्हा प्रायमरची होती, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराची, राखाडी, राख फासल्यासारखी. "अशी भुताटकी घेऊन सासरवाडीला जाऊ?"

पौषात भिकूचं जेवण तुटलं. माघात कळलं की पोटात गाठ आहे आणि ती पसरलीय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. मी मान हलवली आणि घरी येऊन मडगार्ड घासायला बसलो. तुम्हाला वाटेल, काय दगड माणूस आहे. दगड नाही हो. मला वाटत होतं, गाडी पूर्ण होत नाही तोवर ती कुठे जाणार नाही. तिला वचन दिलंय ना, मग ती थांबेल. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

माघातच एका दुपारी ती भिंतीला धरत धरत शेडमध्ये आली. अंगावर पदर गच्च लपेटलेला. गाडीवरून हात फिरवला, भाभीच्या सीटवर बसली, पाठ टेकली.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"शिंदखेडाले. आज तब्येत बरी शे मनी."

"वेडी का काय? रंग नाही, बंपर खाली पडलंय. आखाजीला दोन-अडीच महिने आहेत अजून."

"माले काय करनं शे रंगनं? चाकं फिरतस ना?"

चाकं फिरत होती. टाकीत पेट्रोल होतं. किल्ली माझ्या खिशात होती. दीड तासाचा रस्ता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अर्धवट गाडी मी गेटाबाहेर काढत नाही, तुला माहीत आहे."

वाटलं, आता देईल काहीतरी सणसणीत ठेवून. पण म्हणाली, "बरं. आखाजीले." उठायला मी हात दिला, तर तिचं वजन हाताला लागलंच नाही.

चैत्रात रंग मारला. लाल, तीन हात. भिकू खाटेवरून खिडकीतून बघायची. रंग वाळत होता तेव्हाच ती गेली. आखाजीला बावीस दिवस होते.

आता काय बोलू? रडलो. शेडला कुलूप लावलं. हातोडा घेऊन गाडी फोडायलाही निघालो होतो. इसाकभाईने मिठी मारून धरलं, म्हणाला, "उसमें भाभी की सीट है, नाना." तेवढ्यावर थांबलो.

आखाजी आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात. वर्षाच्या आत गेलेल्याची असते ती लहान घागर, तिला डेरगं म्हणतात. माझी लेक सारिका एरंडोलहून आली होती. तिने डेरगं भरलं, वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी उठलो, खरबूज बाजूला काढलं, घागर उचलली.

"आबा, काय करता? भरलेली घागर कोणी घराबाहेर नेतं का?"

"कोणी नेत नसेल. मी मुराळी आहे, मी नेणार."

सारिकाने माझं तोंड बघितलं. एक जुनं लुगडं आणून दिलं, आईचं. त्याची चुंबळ करून मी घागर भाभीच्या सीटवर बसवली, पट्टा बांधला, छप्पर उघडलं.

गेटाबाहेर काढली गाडी. पूर्ण झालेली गाडी.

मोकळ्या रस्त्यावर एकशेचाळीसने पळेल अशी बनवली होती मी ती. स्प्रिंगा कडक टाकल्या होत्या, वळणावर जमिनीला धरून राहावी म्हणून. त्यामुळे प्रत्येक खड्डा घागरीला लागत होता. मी वीसने चालवत होतो. हायवेवर ट्रकवाले हॉर्न मारून जात होते, एक पोरगा मोटारसायकलवरून ओरडला, "बाबा, धक्का मारू का?" सोनगीरला हायवे सोडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक हात स्टिअरिंगवर, एक घागरीच्या तोंडावर. इतकं जपून मी तिला जिवंतपणी कुठे नेलं नव्हतं.

शिंदखेड्याच्या गल्लीत वळलो तर बाया ओट्यांवर आल्या. कोणी विचारलं नाही, कोणाची गाडी, कुठून आली. नुसत्या बघत उभ्या. लोटनची बायको सुमनबाई हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात आली, माहेरवाशिणीवरून ओवाळून टाकायला. सीटवर तिची नजर गेली आणि तांब्या हातातून सुटला.

"तुम्हाला कसं कळलं मी येतोय?" मी विचारलं.

"सारिकाचा फोन आला. आणि नाना, ही गाडी आम्हाला काय नवी आहे का? बाई रोज फोनवर सांगायच्या. लाल आहे म्हणायच्या, लालभडक, आरशासारखी. सगळ्या गल्लीला पाठ आहे."

लाल! तेव्हा गाडी राखाडी होती हो. दोन वर्षं राखाडी होती.

लोटनचा मुलगा दीपक, भिकू त्याची फुई म्हणजे आत्या, पुढे आला, घागरीचा पट्टा सोडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "फुवा," तो म्हणाला, "मागच्या आखाजीला मी आलो होतो फुईला घ्यायला. तुम्ही जळगावला गेला होता."

"मला बोलली नाही ती."

"सांगू नको म्हणाली. पिशवी भरलेली होती तिची, मी उचलली पण. मग तिनेच हातातून काढून घेतली. म्हणाली, मी तुझ्यासोबत गेले तर त्यांना वाईट वाटेल. माझा मुराळी गाडी बनवतोय, मी त्याच्यासोबतच येईन."

दीपकने घागर दोन्ही हातांनी उचलली. ती काठोकाठ भरलेली होती, एक थेंब सांडला नव्हता. सुमनबाईने भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "या बाई, घरात या."

ती आत गेली. मी बाहेर गाडीत बसून राहिलो. मुराळ्याला आत या म्हणायचं त्या दिवशी कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, आणि मलाही उतरायचं धैर्य झालं नाही.