ब्रेक दाबा, मी मागे आहे

“अगं, तुझ्या व्हॅनचा डावा ब्रेकलाइट लागत नाहीये,” असं मोठ्या नणंदेने सांगितलं, तेव्हा तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. नणंदेला चंद्रावरचे डाग आधी दिसायचे, चंद्र मागाहून. एरवी या वहिनीइतकी धसका घेणारी आई शोधून सापडली नसती. लेकीला द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून. घरातल्या झाडून सगळ्या प्लगांना झाकणं. पण हा दिवा नणंदेने दाखवला होता, म्हणून तो काळजीत धरलाच गेला नाही.

मग काल कचऱ्याची गाडी तिच्या मागे कर्रकन थांबली. इतकी जवळ, की आरशात नुसती तिची पुढची जाळीच दिसत होती. ड्रायव्हरने मुंडकं बाहेर काढलं. “बाई, थांबायचं असेल तर सांगून तरी थांबा!”

मागच्या सीटवर लेक झोपली होती. घरी पोचताच तिने नवऱ्याला दिवा दाखवला.

“रविवारी बघू,” नवरा म्हणाला. त्याच्या रविवारांच्या भरवशावर घरातला एक नळ कधीचा गळत होता. तिने ठरवलं, आज लेकीला शाळेतून आणायला जाण्याआधी दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर लेक चालत येईल, पण या गाडीत बसणार नाही.

तिने बल्ब आणला, व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने हसत हसत मागचं दार वर केलं, दोन स्क्रू काढले, दिव्याचं अख्खं खोकं हलकेच ओढलं आणि झालं. त्याची नखंसुद्धा स्वच्छ होती. तिचं खोकं मात्र हलायला तयार नव्हतं. शेवटी तिने डिकीला पाय लावून हिसका दिला. कट्‌कन आवाज झाला आणि ती खोक्यासकट दोन पावलं मागे गेली.

“मोडलंस?” पायरीवरून सासूबाईंनी विचारलं. आवाजात आशा होती.

“क्लिप सुटली, आई.”

जुना बल्ब काजळला होता. नवा आत दाबून फिरवला, खोकं जागेवर बसवलं. आता पाहायचं कसं? ब्रेक पुढे, दिवा मागे आणि ती एकटी.

“आई, जरा आत बसता? मधलं पेडल दाबायचं.”

सासूबाई ऐटीत चढल्या. ती मागे गेली. “दाबा!”

सासूबाईंनी दाबलं, आणि दिवा लागला का बघायला खाली उतरल्या. “कुठे लागलाय?”

“तुम्ही उतरलात ना, आई!”

दुसऱ्या खेपेला त्या उतरल्या नाहीत, अख्ख्या वळून मागे पाहू लागल्या. पाय अर्थातच उचलला गेला.

“तुम्ही नुसतं दाबून धरा. मी सांगते ना लागला की नाही ते.”

“तुझ्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवू? माझी नात बसते या गाडीत. मी डोळ्यांनी बघणार.”

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. तिने रडवेल्या आवाजात सगळी हकिगत सांगितली. आई खो खो हसली.

“अगं, त्यांना कशाला शिणवतेस? छत्री घे. टोक पेडलवर टेकव, मूठ सीटला, आणि सीट पुढे सरकव. बसते घट्ट.”

बसली. दोघी सासू-सुना मागे जाऊन उभ्या राहिल्या. डावा, उजवा, काचेवरचा, तिन्ही दिवे लालबुंद.

“आता पटलं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुला कुठून गं सुचलं हे?” तिने फोन स्पीकरवर टाकून विचारलं.

“सुचायचं काय त्यात? तुझे बाबा होते तेव्हा ते मागे उभे राहायचे. आता कोण उभं राहणार? माझी गाडी भिंतीला पाठ करून लावायची, छत्री अडकवायची, भिंतीवर लाल उजेड पडला की झालं. हल्ली वाकवत नाही, म्हणून सोडून दिलंय. दिवे लागत असतील.”

सासूबाईंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला. “विहीणबाई, किल्ली शोधून ठेवा. आम्ही निघालो.” आणि सुनेला म्हणाल्या, “बस गाडीत. शाळा सुटायला वेळ आहे.”

तिची आई आपल्या अंगणात कपाळाला आठ्या घालून उभी होती. “एवढ्याशासाठी धावत आलात?”

“तू बस गं आत. दाब ब्रेक,” ती आईला म्हणाली.

आईने दाबला. छोट्या गाडीचे दोन्ही दिवे ठार काळे होते.

“दाबलायस का?”

“केव्हाची दाबून बसलेय!”

आईने खिडकीतून मान काढली. दोघींचे चेहरे पाहिले. मग हळूच म्हणाली, “तरीच इतक्यात लोक माझ्यामागे फार हॉर्न वाजवतात. मला वाटलं, माणसंच तापट झालीत.”

सासूबाईंना हसू आवरेना. तिने मात्र गाडीची किल्ली काढून घेतली, आईला आणि सासूबाईंना व्हॅनमध्ये बसवलं आणि तिघी मिळून लेकीला आणायला गेल्या.

तुमच्याकडे तिचं एकच मागणं आहे. तुमच्या माणसांत कुणीतरी एकटं राहत असेल, एकटंच गाडी चालवत असेल. फोनवर विचारू नका, “सगळं ठीक आहे” असंच उत्तर येईल. आज जा, त्यांना गाडीत बसवा, मागे उभे राहा आणि म्हणा, दाबा.