पहिली पसंती

"हे मेकॅनिकल वर कोनं टाकलं?" कुर्बानने कागद शेखरच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट रोवलं.

मूर्तिजापूरच्या स्टेशन रस्त्यावर शेखर ऑनलाइन अर्ज भरून द्यायचा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस असल्यामुळे दुकानात गर्दी होती. कुर्बानच्या मुलीचा, इफ्फतचा पसंतीक्रम परवा इथेच भरला होता. पहिलं इलेक्ट्रिकल, मग मेकॅनिकल. कुर्बानने स्वतः उभं राहून भरून घेतलेला. आज छापील प्रत पाहतो तर उलटं.

"चाचा, मी कायले बदलू?"

"मेकॅनिकलच्या सीटा खाली राहून राह्यल्या म्हंते. एका पोरामागं कॉलेजवाले काय देतात तुले?"

शेखर चिडला नाही. कुर्बानचाचाला गाव ओळखत होतं. पंचवीस वर्षं तो जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरत होता. जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण 'आपोआपच बंद पडली' म्हणायचा. आणि उघडून पाहिली की कुर्बानला कळायचं, गडी खोटं बोलतोय. या धंद्यात त्याचा माणसांवरचा विश्वास पार झिजून गेला होता.

"ओटीपीबिगर अर्ज उघडत नाई," शेखर म्हणाला. "नंबर तुमच्या घरचा हाय. घरीच इचारा. उद्या पाच वाजेलोक बदलता येते."

घरचा फोन बायकोजवळ, हमिदाजवळ असायचा. कुर्बानने जेवायच्या आधीच तिला गाठलं. तिने सरळ सांगितलं, "इफ्फतनं फोनवर आलेला नंबर मागितला, मी वाचून देला. मले काय मालूम कायचा होता."

मग इफ्फतच. कुर्बानच्या डोक्यात लगेच दुसरी तार जुळली. मेहुण्याचा पोरगा इमरान अमरावतीला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. ईदला आला तेव्हा दोघं ओसरीवर तासभर बोलत बसली होती.

इफ्फत घरालगतच्या मोटारीच्या दुकानात होती. बाप येताना दिसला तशी उठून उभी राहिली. घरात ते उर्दूत बोलत. पण कुर्बानला राग आला की तो गिऱ्हाइकांच्या वऱ्हाडीवर यायचा, आणि घरचेही मग वऱ्हाडीतच उत्तर द्यायचे.

"इमरान हाय म्हून मेकॅनिकल पायजे का तुले?"

इफ्फतने हातातली तार खाली ठेवली. "इमरानभाई तर इलेक्ट्रिकलच घे म्हंत होते. भांडली मी त्याईच्यासंग."

"मंग बापाच्या धंद्याची लाज वाटते?"

"नाई अब्बा." तिने बाकाखालची मोटार पायाने पुढे ओढली. दर्यापूरकडच्या चंद्रभान पाटलांची होती. "हे यंदा तिसऱ्यांदा आली. तुमी दोनदा भरली. बेअरिंग एकदाबी नाई बदललं."

"त्यानं सांगतलं नाई बदलाले."

"त्याले काय समजते? तुमाले समजते." तिने मोटारीचा दांडा धरून हलवला. झिजलेल्या बेअरिंगमध्ये तो खुळखुळला. "हे असं घासत राह्यलं तर तार जळनच. भरनं मी तुमच्यापाशी शिकली. जळते कावून, कायच्यानं घासते, थे मले शिकाचं हाय."

"म्हंजे बाप चोर हाय."

"मी तसं म्हनलं नाई."

"मंग काय म्हनलं?"

इफ्फतने मोटार परत बाकाखाली सारली. ती हात पुसून घरात गेली.

कुर्बान बाकावर बसला. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तो गिऱ्हाइकाला बेअरिंगचं सांगायचा. मग कधीतरी सांगायचं बंद झालं. असं कुठे ठरवलं नव्हतं. न सांगितलं की मोटार वर्षाच्या आत परत यायची आणि भरायचे पैसे पुन्हा मिळायचे, एवढंच. पंचवीस वर्षं त्याने गिऱ्हाइकांवर, आणि आता शेखरवर, इमरानवर, सगळ्यांवर संशय घेतला होता. इफ्फतने मात्र एकाच माणसावर घेतला होता आणि तो खरा निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन घेऊन शेखरकडे गेला. ओटीपी आला. अर्ज उघडला.

"इलेक्ट्रिकल वर घेऊ?" शेखरने विचारलं.

कुर्बानने पडद्यावरच्या दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मागच्या पोराने घसा खाकरला.

"राहू दे जसं हाय तसं."

पंधरा दिवसांनी अमरावतीच्या कॉलेजात बाप-लेक कागद घेऊन उभे होते. खिडकीतल्या कारकुनाने यादी पाहिली, मग इफ्फतकडे पाहिलं.

"मुलगी आणि मेकॅनिकल? हिला इलेक्ट्रिकल सहज मिळत होतं. कुणी सांगितलं असं भरायला?"

इफ्फतने बापाकडे पाहिलं नाही.

"मी मोटारी भरतो, साहेब," कुर्बान म्हणाला. "त्या परत परत कावून जळतात, मले मालूम होतं. मी कोनाले सांगतलं नाई. हे पोरगी सांगन."

कारकुनाला काही उमगलं नाही. त्याने पालकाच्या सहीची जागा दाखवून कागद पुढे सरकवला. पंख्याच्या वाऱ्याने तो उडायला लागला, तसा इफ्फतने एका कोपऱ्यावर हात ठेवला, आणि कुर्बानने सावकाश, एकेक अक्षर करत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.