प्रबंधाची सवत

मी गर्भाची पिशवी बोलतेय. दचकू नका, खरी नव्हे. गुलाबी रबराची, मुठीत मावणारी, एका बाजूने पारदर्शक. तांबी कुठे बसते आणि तिचे दोरे कुठवर येतात, हे बायकांना माझ्यातून दाखवतात. एवढंच माझं काम. ते मी मन लावून केलं, म्हणून तर जीव जळतो.

स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या एका दवाखान्यात मला खोक्यातून पहिल्यांदा बाहेर काढलं ते सोल्वेगने. इथे पाळणा लांबवण्याचा सल्ला सुईणीच देतात. सोल्वेग सुईण, आणि शेजारच्या खोलीतली मायलिसही. सोल्वेगचे हात कायम उबदार. समोरची मुलगी आधी लाजायची, मग मला दाबून बघायची, मग धीर करून विचारायची, दुखेल का? सोल्वेग खोटं बोलायची नाही. दुखेल, पण मी इथेच आहे, म्हणायची. त्या क्षणी आम्ही तिघी एकमेकींच्या होतो, दुसरं कुणी नव्हतं मध्ये.

मग तिच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. हौसेने तांबी बसवून घेतलेल्या कित्येक जणी वर्षाच्या आत ती काढायला परत येत. का? कुणाला अंगावरून फार जायचं, कुणाच्या नवऱ्याला दोरे टोचायचे, कुणी नुसतीच मान हलवायची. याचा छडा लावायला सोल्वेग विद्यापीठात गेली आणि प्रबंध आमच्या आयुष्यात आला. प्रबंध कसला, माझी सवतच ती. जेवताना तो, चालताना तो. लोकांना ती सांगायची, हे माझं बाळ. गर्भाची पिशवी मी, आणि बाळ त्याला म्हणायची!

सोल्वेग दवाखान्यात कमी कमी येऊ लागली. तिच्या वाट्याच्या बायका मायलिसच्या गळ्यात पडल्या आणि मीही. मायलिसचे हात थंड, तोंड फटकळ. "तुझी बाई लागली पुस्तकाच्या नादी," मला टेबलावर आपटत ती म्हणायची. पण एकाही बाईला तिने परत पाठवलं नाही.

अखेर प्रबंध छापून आला. इथली रीत अशी की प्रबंधावर परीक्षकांशी जाहीर वाद घालायचा, त्या वादाच्या दिवसाआधी तीन आठवडे प्रबंध खिळ्याने भिंतीवर ठोकायचा, म्हणजे वाटेल त्याने वाचावा आणि भांडायला यावं. मला त्या दिवशी केकशेजारी ठेवलं होतं, शोभेला. सोल्वेगने हातोडा मारला, टाळ्या झाल्या, आणि प्रती हातात पडताच सगळ्यांनी थेट आभाराचं पान उघडलं. इथे प्रबंध असाच वाचतात. आकडे परीक्षक बघतील, आपलं नाव आहे ना ते आधी.

प्राध्यापकांचं नाव होतं, हिशेब करून देणाऱ्यांचं होतं, नवऱ्याचं होतं, बुसे नावाच्या कुत्र्याचंही होतं. मायलिसने पान उलटलं, परत उलटलं. तिचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं, आणि खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. जळायला सोबत मिळाली.

मायलिस गुपचूप कप गोळा करू लागली. सोल्वेग केकची बशी घेऊन आली नि काय झालं म्हणून विचारू लागली.

"कुत्र्याचं नाव अगदी बरोबर छापलंय," मायलिस म्हणाली. "तुझ्या बायका इतकी वर्षं मी बघितल्या. त्याने काय केलं गं, भुंकला?"

सोल्वेगने पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण प्रती छापल्या होत्या, खिळा ठोकला होता. त्यानंतर मायलिस कॉफीच्या सुट्टीत बाहेर येईना. आमच्याकडे सहकाऱ्यांबरोबर कॉफी न पिणं म्हणजे बोलणं टाकण्याहून वाईट. सोल्वेगने दोनदा तिचं दार वाजवलं. आतून, बाई तपासतेय, असं उत्तर आलं. आत आम्ही दोघीच होतो.

वादाच्या दिवशी मला सभागृहात आणायचा सोल्वेगचा निरोप होता. मायलिसने मला पिशवीत घातलं आणि अगदी शेवटच्या रांगेत बसली. परीक्षकांआधी अध्यक्ष विचारतात, छापलेल्यात काही दुरुस्ती आहे का? लोक एखादा स्वल्पविराम सांगून खाली बसतात. सोल्वेग उभी राहिली. पाणी प्यायली.

"आहे. आभाराच्या पानावर. तिथे मायलिस नीबॅरी हे नाव हवं. तिने दवाखाना सांभाळला म्हणून मी प्रश्न विचारत हिंडू शकले. ती रोज समोर होती, म्हणून मला दिसली नाही."

अध्यक्ष गोंधळले. मग त्यांनी चष्मा लावून ते नाव लिहून घेतलं. मायलिसने पिशवीत हात घालून मला इतकं आवळलं की माझा श्वास कोंडला.

"सगळ्यांसमोर कशाला?" ती पुटपुटली आणि नाक पुसत राहिली. कॉफीला मात्र ती सोल्वेगच्या शेजारी बसली.

आता सोल्वेग विद्यापीठात शिकवते, मी मायलिसकडे असते. परवा सोल्वेग आली, दवाखान्यातल्या प्रतीत तिने पेनाने मायलिसचं नाव लिहिलं. मी कपाटातून टक लावून बघत होते. वाटलं, आता मान वर करेल, मला बघेल, आणखी एक ओळ लिहील. तिने टोपण लावलं. पुस्तक कपाटात उभं केलं, ते कलंडू लागलं, तेव्हा तिने मला उचललं आणि त्याला टेकू म्हणून सरकवलं.

तेव्हापासून सवतीचा भार मीच पेलतेय. तुमच्यातल्या कुणाला ते पुस्तक वाचायला हवं असेल तर खुशाल घरी न्या. सावकाश वाचा. परत आणायची घाई नाही.